देवयानीला काय हवे होते?

मिहान परिसरात राहणाऱ्या काही ख्रिस्ती कुटुंबांचे एक लहानसे वाचनमंडळ आहे. महिन्यातल्या एका रविवारी, मिस्सा आटोपल्यावर, कुणाच्या तरी घरी दहा-बारा माणसे जमतात आणि आधी ठरवलेल्या पुस्तकावर बोलतात. मंडळाला नाव नाही, वर्गणी नाही. चहा ज्याच्या घरी बैठक त्याचा. आम्ही या मंडळाचे जुने सभासद. गेल्या पावसाळ्यात वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ वाचायला घेतली होती. चर्चा नेहमीच्याच वळणाने चालली होती. ययाति भोगलोलुप, कच आदर्श, शर्मिष्ठा त्यागमूर्ती आणि देवयानी गर्विष्ठ व वैभवलोभी, अशी वाटणी सर्वांना मान्य झाल्यासारखी दिसत होती. एवढ्यात मिहानमधल्याच एका कंपनीत नोकरी करणारी, आमच्यातली सर्वांत तरुण सभासद म्हणाली, “पण काकू, देवयानीला राणी व्हायचं होतं, एवढंच ना? ययाति तर जन्मतःच राजपुत्र. त्याला वैभवलोभी कुणीच म्हणत नाही.”

काकूंनी कप खाली ठेवला. उत्तर कुणाजवळच नव्हते, आमच्याजवळही नव्हते. प्रस्तुत लेख म्हणजे त्या दिवशी द्यायचे राहून गेलेले उत्तर होय.

प्रश्न केवळ एका पात्राचा नाही. ज्या स्त्रीला दागिना हवा, घर हवे, समाजात वरची पायरी हवी, आणि हे सारे जिला स्वतःसाठी हवे आहे, अशा नायिकेकडे वाचकाने कोणत्या नजरेने पाहावे? सोशिक नायिकेवर प्रेम करणे सोपे असते. मागणाऱ्या नायिकेवर ते करता येते काय, आणि करावे काय, हा खरा प्रश्न आहे.

मराठी कादंबरीच्या जन्मापासूनच आपल्याला एक विशिष्ट सवय लागली आहे असे आम्हांस वाटते. बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली प्रसिद्ध झाली आणि ती मराठीतील पहिली कादंबरी मानली जाते. तिचा लेखक ख्रिस्ती होता ही आपल्याला आपलेपणाची वाटावी अशी गोष्ट. तिचा विषय हिंदू विधवांची स्थिती हा आहे. जिचे कुंकू पुसले गेले, जिच्या अंगावरचे दागिने उतरवले गेले, जिचे केस कापले गेले, तिच्यासाठी रडायला या कादंबरीने मराठी वाचकाला शिकवले. पुढे हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’मधल्या यमूने हेच शिक्षण पुढे नेले. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या ‘एकच प्याला’तल्या गडकऱ्यांच्या सिंधूने त्याला जणू पूर्णत्व दिले. या स्त्रिया थोर आहेत आणि त्यांच्यासाठी वाहिलेले अश्रू खोटे नव्हते. मात्र तिघींमध्ये एक साम्य आहे: त्यांच्याकडून सारे घेतले जाते आणि त्या स्वतःसाठी काही मागत नाहीत. आपली सहानुभूती या न मागण्यावरच पोसली गेली. जिचा दागिना हिरावला जातो तिच्यासाठी आपले डोळे भरून येतात. जी आपण होऊन दागिना मागते तिच्याविषयी आपण कपाळाला आठ्या घालतो.

योगायोग असा की, त्याच १८५७ साली फ्रान्समध्ये गुस्ताव्ह फ्लोबेरची ‘मादाम बोव्हारी’ ग्रंथरूपाने निघाली. नीतीला बाधा आणल्याच्या आरोपावरून लेखकावर खटला झाला आणि तो निर्दोष सुटला. तिची नायिका एमा उधारीवर कापडचोपड घेते, खोटे बोलते, पतीशी प्रतारणा करते. एकाच वर्षी दोन भाषांतल्या दोन कादंबऱ्यांनी वाचकाकडे करुणेची याचना केली, पण किती भिन्न स्त्रियांसाठी! एमाकडे आपण पुन्हा वळूच. आधी घरातले पाहू.

मराठीत मागणाऱ्या मुलीचा आवाज अगदीच उमटला नाही असे मात्र नाही. १९३३ साली ‘विभावरी शिरूरकर’ या टोपणनावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह आला आणि पुण्या-मुंबईत खळबळ उडाली. टोपणनावामागच्या लेखिका मालतीबाई बेडेकर. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, घरच्यांचा भार वाहणाऱ्या आणि स्वतःच्या संसाराची वाट पाहत वय वाढत चाललेल्या मुली या कथांत बोलू लागल्या. ‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’ हे त्यांतल्या एका कथेचे शीर्षक. हा प्रश्न भावनेचा तर आहेच, पण तो पैशाचाही आहे. मुलीच्या पगारावर घर चालते, ते घर कुणाचे, असे ती विचारते. तरीही संग्रहाच्या नावात लेखिकेने ‘निःश्वास’ हा शब्द ठेवला. मागणी अजून उसाशाच्या रूपातच बाहेर पडत होती. त्या काळी एवढ्यावरही वादळ उठले, यावरून मागणीची वाट किती अरुंद होती ते ध्यानी यावे.

आता देवयानी. ‘ययाति’ १९५९ साली प्रसिद्ध झाली. तिला १९६० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि खांडेकरांना १९७४ चे ज्ञानपीठ मिळाले तेही याच कादंबरीच्या निमित्ताने. कादंबरीची रचना अशी की ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली कहाणी स्वतःच्या तोंडून सांगतात. म्हणजे खांडेकरांनी देवयानीला बोलण्याचा अधिकार दिला. वैभवाचे आणि राणीपदाचे आकर्षण ती लपवीत नाही. पण लेखकाचा जीव शर्मिष्ठेत गुंतलेला आहे हे कोणत्याही वाचकापासून लपत नाही. अवघ्या सात वर्षांनी, १९६६ साली, वि. वा. शिरवाडकरांना ‘ययाति आणि देवयानी’ हे नाटक लिहावेसे वाटले. या स्त्रीने मराठी मनाला अस्वस्थ करून सोडले होते, याचीच ही खूण म्हणता येईल.

देवयानीला वैभवाची ओढ का लागावी? याचे उत्तर मूळ महाभारतातच आहे आणि आपण ते वाचतानाही विसरतो. जलक्रीडेनंतर वाऱ्याने कपडे एकमेकांत मिसळले. राजकन्या शर्मिष्ठेने देवयानीचे वस्त्र चुकून उचलले आणि दोघींची बाचाबाची झाली. त्या भांडणात शर्मिष्ठा तिला काय सुनावते? तुझा बाप माझ्या बापाची स्तुती करून त्याच्यापुढे हात पसरणारा, आणि माझा बाप देणारा, असा तिच्या बोलण्याचा आशय आहे. म्हणजे देवयानीला लागलेला पहिला घाव तिच्या रूपावर किंवा चारित्र्यावर नव्हे, तर तिच्या कुळाच्या मिळकतीवर आहे. मग तिला विहिरीत ढकलले जाते. राजाकडून आश्रय घेणाऱ्या विद्वानाची ही लेक. विद्या घरात भरपूर, पण मान दुसऱ्याच्या दारी. अशा मुलीने ‘आता मी कुणाच्या दानावर जगणार नाही, मीच राणी होईन’ असे ठरवले, तर त्याला निव्वळ हाव म्हणायचे काय? जिला कुणी कधी गरीब म्हणून हिणवलेच नाही, तिला राणीपदाचा मोह नसणे हा मोठा गुण मानता येत नाही.

इथवर आम्ही देवयानीच्या बाजूने बोललो. परंतु वकिली म्हणजे समीक्षा नव्हे. राणी होण्याच्या इच्छेबरोबर देवयानी आणखी एक गोष्ट मागते: शर्मिष्ठेने दासी होऊन आपल्यामागे यावे. ययातिकथेतील खरा अन्याय इथे आहे. पण आपण वाचक या दोन गोष्टी एकत्र कालवतो. देवयानीने सिंहासन मागितले म्हणून ती दुष्ट, असे आपण म्हणत राहतो. आणि तिने दुसऱ्या एका मुलीचे आयुष्य आपल्या अपमानाच्या वसुलीसाठी गहाण टाकले, हा तिचा खरा अपराध त्या गोंगाटात बुडून जातो. इच्छा करणे ही एक गोष्ट आणि तिची किंमत दुसऱ्याला मोजायला लावणे ही सर्वस्वी वेगळी गोष्ट. हा भेद हाती धरला तर या जातीच्या पुष्कळ कथा निराळ्या वाचता येतात, असे आम्हांस वाटते.

उदाहरणार्थ, गी द मोपासाँची ‘नेकलेस’ ही १८८४ सालची कथा. इंग्रजीच्या क्रमिक पुस्तकांतून ती आपल्या मुलांच्या हाती पडते, आणि बहुधा ‘लोभाचे फळ’ असे तात्पर्य वहीत उतरवून घेतले जाते. मातिल्द ही कारकुनाची बायको. हुंडा नाही म्हणून कारकुनाच्या पदरी पडलेली. मंत्र्याच्या घरच्या मेजवानीचे निमंत्रण येते आणि ती नवा पोशाख मागते. त्यासाठी चारशे फ्रँक लागतात. नेमके तेवढेच पैसे नवऱ्याने शिकारीसाठी बंदूक घ्यायला साठवलेले असतात. रक्कम तीच, इच्छाही दोन्ही चैनीच्याच. पण वर्गात कुणी नवऱ्याला लोभी म्हणत नाही. त्याची बंदूक छंद ठरते, तिचा पोशाख मोह ठरतो.

मातिल्द कॉन्व्हेंटमधल्या जुन्या मैत्रिणीकडून हिऱ्यांचा हार उसना आणते आणि तो हरवते. नवा घ्यायला छत्तीस हजार फ्रँक पडतात; निम्मे वडिलोपार्जित पैशातून, निम्मे कर्जातून. मग दहा वर्षे ती भांडी घासते, पाणी वाहते, बाजारात पैशापैशासाठी हुज्जत घालते आणि दमडीन् दमडी फेडते. अखेर कळते की मूळ हार खोटा होता. फार तर पाचशे फ्रँकांचा. वाचक हसतो किंवा हळहळतो. आम्हांला मात्र या कथेत लोभाच्या शिक्षेपेक्षा दुसरेच काही दिसते. या बाईने आपल्या इच्छेची किंमत दुसऱ्या कुणाच्या माथी मारली नाही. ती मैत्रिणीशी खोटे बोलून पळाली नाही. नवऱ्याच्या बरोबरीने राबली. म्हणजे जिला आपण पोकळ समजत होतो तिच्यात एवढी सचोटी होती, आणि जो श्रीमंत वर्ग तिला खरा वाटत होता त्याच्या गळ्यात काच होती. असे वाचल्यावर मातिल्दला सहानुभूती नाकारणे कठीण जाते.

एमा बोव्हारीचा हिशेब अधिक अवघड आहे. शेतकऱ्याची ही मुलगी रुआँच्या उर्सुलाइन सिस्टरांच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकली. तिथेच चोरून आणलेल्या प्रेमकथा वाचून तिची स्वप्ने घडली. एका सरदाराच्या हवेलीतला एकच नृत्यसमारंभ तिने पाहिला आणि आपले घर तिला कायमचे कोंदट वाटू लागले. गर्भवती असताना तिला मुलगाच हवा होता. कारण पुरुष निदान मोकळा तरी असतो, असे तिला वाटे. ही एकच गोष्ट ध्यानात ठेवली की एमाची सारी खरेदी निराळी दिसू लागते. जी गोष्ट बाजारात मिळत नव्हती तिच्याऐवजी ती रेशीम विकत घेत होती. आणि तिच्या या तहानेवर धंदा करणारा लेरो हा व्यापारी कादंबरीच्या शेवटी सुखाने नांदतो. एवढे असूनही फ्लोबेर तिला निर्दोष सोडत नाही. तिच्या मागे राहिलेली लहानगी बेर्त शेवटी सूतगिरणीत कामाला जाते. आईच्या इच्छेची किंमत त्या पोरीने मोजली. एमासाठी आम्ही हळहळतो. पण ती हळहळ बेर्तला विसरून होत नाही.

सहानुभूतीची सीमा कुठे येते ते पाहायचे तर अमेरिकन लेखिका ईडिथ व्हॉर्टन यांच्या ‘द कस्टम ऑफ द कंट्री’ या १९१३ सालच्या कादंबरीकडे जावे. तिची नायिका अनडाइन लहान गावातून न्यूयॉर्कला येते आणि एकेका विवाहाची पायरी करून वर चढते. एका फ्रेंच कॅथलिक सरदाराशी लग्न करता यावे म्हणून तिला आधीच्या विवाहाच्या बंधनातून सुटायचे असते. त्यासाठी लागणारा पैसा उभा करायला ती आपल्या लहान मुलाच्या ताब्याचा धाक वापरते. मुलाचा बाप आत्महत्या करतो. या बाईवर प्रेम करणे आम्हांला जमले नाही. परंतु व्हॉर्टन यांनी एका पात्राच्या तोंडून एक मार्मिक निदान केले आहे. या समाजातले पुरुष आपल्या खऱ्या कामकाजात, व्यवहारात, निर्णयात बायकांना घेत नाहीत. त्याऐवजी पैसा देऊन त्यांची बोळवण करतात. मग बायकांनी पैशालाच सर्वस्व मानले तर नवल कसले? देशाची रीत ती हीच. अनडाइनचे अपराध तिचेच आहेत, पण ती शाळा तिने काढलेली नव्हती.

काहींना भीती वाटेल की अशा नायिकांना जवळ केले तर आपण चंगळवादाला दार उघडून देऊ. ही भीती अनाठायी नाही. परंतु सहानुभूती म्हणजे सुटका नव्हे. पात्राचा हिशेब पुरता मांडणे, त्याच्या इच्छेचा उगम शोधणे, तीच इच्छा पुरुषाने केली असता तिला आपण काय नाव देतो ते तपासणे आणि अखेर किंमत कुणी मोजली ते पाहणे, एवढेच आम्हांला अभिप्रेत आहे. असे केल्यावर मातिल्द आपल्या जवळ येते, एमा अर्ध्या वाटेवर उभी राहते, अनडाइन दूर जाते. देवयानीच्या बाबतीत तर निकालाचे कलमच बदलते.

हे सारे पुस्तकी वाटेल, म्हणून आमच्या दारातले सांगतो. मिहान म्हणजे नागपूरच्या दक्षिणेला, वर्धा मार्गालगत, विमानतळाला जोडून उभा राहिलेला प्रकल्प. २००२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीने तो हाती घेतला. शिवणगाव, खापरी, तेल्हारा, दहेगाव, कलकुही अशा गावांच्या शेतजमिनी त्यात गेल्या आणि मोबदल्याच्या दरावरून वर्षानुवर्षे आंदोलने झाली. पुढे संगणक कंपन्या आल्या, एम्स आले, आयआयएम आले. २०१९ पासून मेट्रो खापरीपर्यंत धावू लागली. जिथे तूर आणि कापूस होता तिथे गळ्यात ओळखपत्र घातलेल्या मुली सकाळी बसची वाट पाहताना दिसतात. त्यांतल्या काही आपल्या धर्मग्रामातल्या आहेत.

या मुलींविषयी आपल्या बैठकांत काय बोलले जाते, ते आठवून पाहावे. हिने मोठा फोन घेतला, हिला फ्लॅट स्वतःच्या नावावर हवा, ही मुलगा पाहताना आधी त्याचा पगार विचारते. मुलाने जमीन घेतली की आपण म्हणतो, व्यवहार कळतो. मुलीने घेतली की म्हणतो, फार हाव सुटली. भारतीय वारसा कायदा, १९२५ प्रमाणे मृत्युपत्र नसल्यास ख्रिस्ती कुटुंबातील मुलीला मुलाइतकाच वाटा मिळतो. हे आपल्याला ठाऊक असते. तरीही जमिनीला भाव आला की बहिणींपुढे हक्कसोडपत्राचा कागद ठेवला जातो, आणि सही करायला कचरणारी बहीण लोभी ठरते. वस्तुतः त्या खोलीत लोभ कुणाचा आहे आणि किंमत कोण मोजतो आहे? आपली कसोटी लावून पाहिली तर शर्मिष्ठेसारखे सोडून द्यायला सांगितले जाते ते बहिणीलाच. आणि जी मुलगी वीस वर्षांचे हप्ते आपल्या पगारातून फेडायला तयार होते, ती फार तर मातिल्दची धाकटी बहीण आहे.

धर्माची शिकवण याच्या आड येते असेही आम्हांला वाटत नाही. नागपूर महाधर्मप्रांताचे सदरमधले कॅथेड्रल ज्यांच्या नावाने उभे आहे ते संत फ्रान्सिस द सेल्स हे लेखकांचे आश्रयदाते संत. संसारात राहून भक्ती कशी करावी हे सांगणारा त्यांचा १६०९ सालचा ग्रंथ एका स्त्रीला उद्देशून लिहिलेला आहे. त्यात ते तिला धन टाकून दे असे सांगत नाहीत. औषधविक्याच्या दुकानात विषे असतात, पण ती त्याच्या अंगात भिनलेली नसतात. तसे धन घरात असावे, काळजात नसावे, असा त्यांचा दाखला आहे. नेटका पोशाखही त्यांना वर्ज्य नव्हता. त्यांना खटकत होता तो दिखावा. नीतिसूत्रांच्या शेवटच्या अध्यायातली सद्गुणी गृहिणी तर शेत पारखून विकत घेते, स्वतःच्या कमाईने द्राक्षमळा लावते आणि तलम वस्त्रे नेसते. पण तिचा हात गरजवंतासाठीही पुढे होतो. तिच्या शेताची किंमत तिने दुसऱ्या कुणाला मोजायला लावलेली नाही.

नागपूरला कादंबरीची पारख नवी नाही. मराठी कादंबरीच्या पहिल्या शतकाचा आढावा घेणाऱ्या आणि १९६१ साली ग्वाल्हेरच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष झालेल्या कुसुमावती देशपांडे याच शहरात इंग्रजी साहित्य शिकवीत होत्या. संमेलनाच्या इतिहासातल्या त्या पहिल्या स्त्री अध्यक्ष. या मातीतून उद्या कुणी मिहानवर कादंबरी लिहील. तिची नायिका बहुधा बसथांब्यावर उभी असलेली, घराचे हप्ते मोजणारी एखादी मुलगी असेल. तिला त्यागाची मूर्ती करू नये, आणि तिच्या इच्छेसाठी तिला शेवटच्या प्रकरणात शिक्षाही ठोठावू नये, एवढेच आमचे मागणे आहे. तिला काय हवे आहे ते तिला स्पष्ट बोलू द्यावे. मग तिच्या भोवतालच्या माणसांना काय हवे होते, तेही तितक्याच स्पष्टपणे लिहावे.

पुढच्या बैठकीला मंडळाने ‘कळ्यांचे निःश्वास’ घ्यायचे ठरवले आहे. पुस्तक काकूंनीच सुचवले.